चंद्र उतरू दे

डेपोचा बाबू वही उघडतो सोमवारी.
वहीत तारीख असते, तिथी नसते.
कार्डामागे वीस बांबू, शिक्का, सही,
आणि बंडीत आडवे पडलेले ते हिरवे,
कोण जाणे कोणत्या रात्री तोडलेले.

सासू वास घेते.
खरंच घेते, कापल्या पेराला नाक लावून,
मग जिभेचं टोक.
"गोड लागते. उजेडातला हाये."

मी कामठीची. नवी होते तेव्हा हसले.
आमच्याकडे चंद्र पाण्याच्या टाकीमागून यायचा,
संकष्टीपुरता आम्ही त्याला विचारायचो
आणि जेवून विसरायचो.
बांबूला काय कळतं त्याचं?

त्या साली मंडईची घाई होती.
साठ सुपं, वर परड्या,
इसतारी भाऊजी पैसेही आधीच घेऊन आले.
सासू मयतीला गेलेली, तिकडे अर्जुनीला.
कोजागरीचा बांबू होता अंगणात, ओला, आयता.
मी कोयता घेतला.
काडी किती सुरेख निघाली म्हणून सांगू,
बोटांतून दुधासारखी.

सुपं खपली. पाच उरली घरात.
फागुनात एका रात्री आवाज आला,
कुर्र.
मग बराच वेळ काही नाही.
मग कुर्र.
सकाळी सुपाखाली पिवळी पिठी,
हळदीहून हलकी.
चिमटीत धरली तर चंद्र हाताला असाच लागत असेल
असं वाटून गेलं.

तेव्हापासून लाखांदूरच्या रस्त्यानं जाताना
मी कुणाच्या ओसरीकडे बघत नाही,
तिथं सूप टांगलेलं असलं तर.

सासू रागावली नाही.
पुढच्या खेपेला मला तलावावर नेलं,
साडी खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरली,
बांबू दाबले, वर दगड ठेवले.
"पंधरा दिस राहू दे," म्हणाली,
"चंद्र उतरू दे त्यातला."

उतरतो.
आधी फेस येतो, मग आंबूस वास,
मासोळ्या येऊन पेरं चोखतात
आणि ढिवरांची पोरं शिव्या घालतात, जाळं अडकतं म्हणून.
अवसेला काढलेला बांबू पेजेसारखा फिका असतो.
त्याची काडी तशी सुरेख निघत नाही, चिवट निघते.
टिकते.

दाराच्या उंबऱ्यावर तिनं कोयत्यानं चरे पाडलेत.
दुपारचं ऊन ज्या चऱ्यापर्यंत येतं
त्यावरून ती सांगते, आता माल सावलीत घ्या,
आता मोहाच्या टोपल्यांना हात घाला.
मी घड्याळ लावून पाहिलं एकदा.
काय पाहायचं होतं तेच कळेना.

सगळंच पटतं असं नाही.
अवसेला ती केस विंचरत नाही, मी विंचरते.
माझी पाळी आभाळाला विचारून येत नाही,
तिची यायची म्हणे, बरोबर अष्टमीला,
यावर आम्ही दोघी खूप हसलो होतो, धाकट्या दिराला कळेना कशावर.

यंदा पळस पुसातच पेटला.
मोह मात्र गळेना.
ती उंबऱ्यावर बसून बोटं मोडत राहिली:
सूर्य चऱ्यावर आला,
चंद्र एक दिवस इकडं-तिकडं नाही,
"मग मंधात कोण चुकलं वो?"
माझ्याकडे उत्तर होतं, टीव्हीवर ऐकलेलं.
दिलं नाही.

आता तिचे गुडघे पाण्यात उतरू देत नाहीत.
मी एकटी दाबते बांबू, दगड शोधते पायानं.
ती काठावर बसते,
सुजलेली पावलं तेवढी तलावात सोडून.
अंधार पडतो. डास येतात.
"आई, चला ना घरी."
ती हलत नाही.
"थांब," म्हणते, "भिजू दे थोडं."