रोज तीन

निवतीच्या शाळेत बदली होऊन आले
तेव्हा मला एकच मासा माहीत होता : मासा.
आमच्या उदगीरकडे तो तळ्यातून निघायचा,
काळा, मिशांचा,
नाव विचारायची कुणाला गरज पडत नसे.

तन्वेश कुबल, इयत्ता तिसरी,
सातच्या पाढ्यात रोज बुडायचा.
पस्तिसापर्यंत पाय टेकायचे,
सात सक म्हटलं की खालची वाळू सरकायची.
मग खिडकीबाहेर बघत एखादा आकडा टाकायचा,
गळ टाकावा तसा.
लागला तर लागला.

मी म्हटलं, दहा वेळा लिहून आण.
आणलं. अक्षर सुबक.
पण आधी सगळे सात, वरून खाली,
मग गुणिलेच्या फुल्या, मग बरोबरच्या रेघा,
उत्तरं सगळ्यात शेवटी, मागच्यात सात मिळवत.
वही भरली.
तो कोरडाच.

जानेवारीतल्या एका शनिवारी रापण बघितली.
दोन दोर, दोन रांगा, मांड्यांपर्यंत पाणी.
हिसका कुणीच मारत नव्हतं.
दोन पावलं मागे, थांबायचं,
दोर कमरेला घेऊन पुन्हा दोन पावलं.
रांगेतला शेवटचा दोर सोडून पाण्याकडे चालत जायचा
आणि पहिला व्हायचा.
दीड तास झाला, जाळं दिसेना.
"अजून किती?" मी तन्वेशच्या आत्याला विचारलं.
"येतला," ती म्हणाली. "धरा दोर."

सोमवारी त्याला तीन चिठ्ठ्या दिल्या.
सात सक बेचाळीस,
सात साते एकोणपन्नास,
सात आठे छप्पन.
चौथी मागितली, दिली नाही.
सकाळी दारात एकदा, खिचडीच्या रांगेत एकदा,
सुटताना एक चप्पल सापडत नसते तेव्हा एकदा.
आलेली चिठ्ठी डाव्या खिशात, अडलेली उजव्या,
दुसऱ्या दिवशी उजवा खिसा आधी.
आणि डावा विसरायचा नाही :
आठ दिवसांनी, कवायतीच्या मधेच, त्यातलीही एखादी.

तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं,
"मगे तुमका काय?"
म्हणून मलाही तीन.
बांगडो. तारली. पेडवे.
शाळा सुटली की किनाऱ्यावर, टोपल्यांपाशी,
शेपटीला धरून माझ्या नाकासमोर : "हो खयचो?"
मी तारलीला पेडवे म्हणाले.
तो हसला नाही.
मी टाकते तस्साच उसासा टाकला
आणि मासा उजव्या खिशाकडे न्यायला लागला.
कसंबसं थांबवलं.

सौंदाळा फेब्रुवारीत आला, कर्ली होळीच्या सुमारास.
काट्यांसकट, म्हणजे खाऊनच.
त्याचे नऊचे पाढे त्याच महिन्यात सुटले,
आठचे अर्धे,
मधे ताप येऊन गेला तर सहाचे पुन्हा गळाले.
ते पुन्हा चिठ्ठ्यांवर लिहिले. कागद पुष्कळ होता.

एप्रिलात, रापणीचे वाटे पडत होते.
आत्या बोटांवर जुळवत होती,
आठ वाटे, वाट्याला सात सात बांगडे...
"छप्पन," तन्वेश म्हणाला.
तो एका कुत्र्याकडे बघत होता,
कुत्र्याच्या तोंडात कुणाचीतरी टोपी होती.
आत्याने मान हलवली, पुढे मोजत राहिली.
तोही कुत्र्यामागे पळाला.
आपण काय बोललो त्याला ठाऊकही नव्हतं.
मला तेवढ्यासाठी वाळूवर खाली बसावं लागलं.

सात सक अजून अडतं.
मी गप्प राहून मनात पाचपर्यंत मोजते,
मग चिठ्ठी उलटून दाखवते.
मला अजून पेडव्यांची खात्री नाही.
तेव्हा तो मासा धरून उभा राहतो, काही सुचवत नाही,
फक्त ओठ हलतात.
किती मोजतो, विचारलं नाही.
माझ्यापेक्षा थोडं जास्तच मोजतो, असं वाटतं.