शिट्टी न देणारा कुकर

हा कुकर शिट्टी देत नाही, सेवरिना.
मग शिजलं हे समजायचं कशावरून?

तू ऐरोलीला ड्यूटीवर गेलीस,
दार जरा जोरातच लागलं.
कोलबाडच्या घरात मी, चार पोर्क चॉप्स,
व्हिनेगर, लिंबाएवढा गूळ
आणि तुझ्या आईनं मे महिन्यात कुटलेला बाटलीतला मसाला.
मंद आच. आठ तास.

दोन तास काहीच नाही.
तिसऱ्यात काचेला घाम.
पाचव्यात वरचे परांजपे
जिन्यात उगाच थांबले, गेले.

झाकण उघडलं नाही मी.
उघडलं की अर्धा तास वाढतो, तूच म्हणालेलीस.
कालचं बोलणंही तसंच झाकून ठेवलंय.

सातला चमचा लावला नुसता,
मांस हाडावरून सुटलं.
तेवढ्यात लॅचमध्ये चावी.
चपला काढता काढता, माझ्याकडे न बघता
तू म्हणालीस,
"गूळ जास्त घातलास ना?"