एक डझन, मध्यम

बे ब्रिज आला की विद्याधर रेडिओ बंद करतो.
दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर नाकासमोर,
जणू पूल त्याच्या एकाग्रतेवरच उभा आहे.
पलीकडे उतरलो की मका, सोयाबीन, चर्च, पुन्हा मका,
आणि मग चॉपटँक नदी,
जिचं नाव मला अजून ढोलकीवरच्या थापेसारखं ऐकू येतं.

टेबलावर खाकी कागद अंथरलेला.
ताट नाही, काटा नाही.
एक लाकडी हातोडा, एक बोथट सुरी,
कागदी टॉवेलचं उभं भेंडोळं.
या देशात पंचवीस वर्षं मी बोटं आवरून जेवले,
ऑफिसात, लग्नांत, विमानांत.
इथे डार्लीन येते आणि मला समजावते,
"हातांनीच खायचं हं, हनी, दुसरा इलाजच नाही."
कोण कुणाला शिकवतंय बघा.

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे कुर्ल्या घेण्याआधी
तिथी विचारतात.
अवसेच्या भरलेल्या, पुनवेच्या पोकळ.
तरी बाबा बाजारात एकेकीचा पाय चिमटीत दाबून बघत,
दबला की परत टोपलीत.
शेवंती म्हणायची, "कुर्लेक गुदगुल्यो करतास काय?"

म्हणून मी डार्लीनला विचारते,
सध्या चंद्र कसा आहे?
विद्याधर मेन्यूमागे तोंड लपवतो.
ती पेन्सिल कानामागे खोचते.
"माझा बापही आधी हेच बघायचा," म्हणते,
"पुनवेला कात टाकतात, मग आठवडाभर आत नुसतं पाणी.
पण खरं सांगू? या लुइझियानाहून ट्रकने आल्यात.
तिथल्या चंद्राचं मला काही माहीत नाही."

एक डझन, मध्यम.
त्याला मक्याची दोन कणसं आणि कोबी.

वाईच्या त्याच्या घरात चातुर्मासात
कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर.
लग्नानंतर इथे मी पहिली कुर्ली फोडली
तेव्हा तो तासभर नदीकडे बघत बसला होता.
"एकोणीस," म्हणाला शेवटी.
बदकं.
भांडण नाही, तोंड वाकडं नाही. एकोणीस.
तेव्हापासून दर वर्षी मोजतो. यंदा सात.

कुर्ल्या येतात, वाफाळत्या, लाल मसाल्यात बरबटलेल्या.
तिखट कमी, मीठ फार,
ओव्यासारखं काहीतरी जे ओवा नाही.
खोबरं नाही,
बारके पाय वाटून गाळलेला रस नाही.
पण पाठ उचकटली की आत तोच पिवळा गर,
आणि मी कुणाचीच कुणी नसते दोन मिनिटं.

यंदा मात्र मनगट.
डॉक्टरांनी दिलेला पट्टा पर्समध्येच आहे.
हातोडा उचलते, डेंग्यावर मारते,
डेंगा मख्ख.
पुन्हा मारते.
तिसऱ्यांदा घसरून मसाल्याचं पाणी
थेट त्याच्या कणसावर.

विद्याधर कणीस खाली ठेवतो.
ओठ पुसतो.
पुलावर करतो तसा चेहरा करतो
आणि माझ्या हातून हातोडा घेतो.
"कुठे मारू?"
सांध्याच्या जरा वर. चिरडू नकोस, नुसता तडा हवा.
पहिला घाव कागदावर.
दुसरा बरोबर.
गर अख्खा निघतो, टोकाशी पिसासारखं हाड घेऊन.
तो बघत नाही.
"पुढचा," म्हणतो.

चोवीस डेंगे.
मधे एकदा डार्लीन येऊन उभी राहिली,
काही न विचारता टॉवेलचं नवं भेंडोळं ठेवून गेली.
मग तो हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही.
मी बदकं मोजली. नऊ होती.
सांगितलं नाही.

परतीच्या पुलावर, अगदी मधोमध,
खाली नुसता काळोख असताना,
त्याने एक हात स्टिअरिंगवरून उचलला
आणि बोटं हुंगली.
लिंबाचा साबण कुठे पुरतो.
"पोकळ नव्हत्या ना?"

अर्ध्या भरलेल्या, मी म्हटलं.
लुइझियानात अष्टमी असणार.