एका वर्षाने

फ्रेस्नोच्या कॉलेजमागे, वेल्डिंगच्या वर्गाला लागून
माझी शेड. लोक मला रेफरी म्हणतात.
शिट्टी नाही माझ्याकडे.
टॉर्च आहे, दांड्यावरचा आरसा आहे,
गुडघे गेलेत, म्हणून एक उशीही आहे.

ओनिक बेद्रोसियन मंगळवारी दुसऱ्यांदा आला.
शहात्तरची नोव्हा, रंग अर्धकच्च्या जर्दाळूचा.
पंच्याहत्तरची असती तर
मी टॉर्चही पेटवला नसता;
तिथपर्यंतच्या साऱ्यांना राज्याने माफ केलंय.
"आदल्या साली बेदाण्याचा भाव पडला," तो म्हणाला,
"नाहीतर बाबा तेव्हाच घेणार होते."

नियम मी झोपेतही सांगतो:
इंजिन गाडीच्या वयाचं, नाहीतर तिच्याहून धाकटं.
थोरलं चालत नाही.
आणि धाकट्याने एकट्याने यायचं नाही,
सगळं बिऱ्हाड घेऊन यायचं:
कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजनचे सेन्सर, कॉम्प्युटर,
आणि टाकीची वाफ रात्रभर गिळत बसणारा
तो कोळशाचा डबा.

पहिल्या खेपेला डबाच नव्हता.
"एवढ्याशा डब्याने कुणाचं काय अडलंय?"
मी नापास लिहिलं.
जाताना त्याने दार आपटलं नाही.
हळू लावलं, जुन्या बिजागरीला जपून.
तेव्हाच वाटलं, हा परत येणार.

या वेळी डबा होता. बोल्ट नवे, चकचकीत.
शहात्तरच्या डॅशबोर्डला इशाऱ्याच्या दिव्याची जागाच नाही,
तर याने भोक पाडलेलं,
बापाच्या अंगठ्याने झिजलेल्या जागेच्या शेजारी,
तिला धक्का न लावता.
किल्ली फिरवली. दिवा लागला. दिवा विझला.
आकडे आले ते जवळजवळ शून्य.

ओनिक मागे गेला, वाकला,
सायलेन्सरपाशी नाक नेलं.
"कसलाच वास नाही."
मी हे कौतुक समजलो.

बहीण मघापासून गाडीत बसून होती, सिरानुश,
शाळेत नर्स आहे. बुटांच्या खोक्यात
मुलांची नावं लिहिलेले एकेचाळीस इनहेलर सांभाळते.
"हिला नाही आठवायचं," तो म्हणाला,
"बाबा रात्री आले की त्यांच्या शर्टाला..."
"आठवतं," ती म्हणाली.
काच वर केली, मग पुन्हा खाली.
"खोकलाही आठवतो."

दाराच्या खांबावर मी लेबल चिकटवलं:
साल, इंजिनाचं माप, माझा नंबर.
कडा अंगठ्याने दाबल्या. सोलून काढायला गेलं
तर फाटतं ते, तसंच बनवलेलं असतं.

निघता निघता त्याने विचारलं,
"जुनं गॅरेजात आहे. ताडपत्रीखाली.
त्याचं काय करायचं असतं?"
मी फॉर्म उलटून पाहिला,
उगीच, तिथे काही नसतं हे ठाऊक असून.
जमिनीवर ठेवलेल्या इंजिनाला
आमच्याकडे रकाना नाही.

तोवर पुढची गाडी आत आली होती,
त्र्याऐंशीची, निळा धूर सोडत.
मी उशी सरकवली.