सातवा मजला

नंदनवनात ढोबळेंच्या घराला मजला एकच.
वर गच्चीत स्लॅबातून निघालेल्या सळया
आणि जुन्या लुगड्यावर वाळणारे सरगुंडे.
तरी मालिकेचं नाव ‘सातव्या मजल्यावरची सून’.
रात्री दहा चाळीसला, लोकल केबलवर,
सून गच्चीवरून खाली यायला निघायची
आणि पोचायच्या आत भाग संपायचा.

दर पायरीला एकदा वीज कडाडे.
वीज म्हणजे कूलरचा पत्रा,
हलवणारा माझा भाऊ सुधन्वा,
रोजी वीस रुपये, वर एक समोसा.

सासू झाले होते टेंभुर्णेकाका,
वीज मंडळातले, थकलेल्या बिलांची लाइन कापणारे.
मिशी काढणार नाही म्हणाले,
म्हणून सासूला मिशी.
पाचव्या भागात सून धीर करून विचारते,
‘आई, हे काय?’
‘खानदानी आहे.’
आणि मान वळते. डावीकडून,
मग डावीकडून,
मग पुन्हा डावीकडूनच.

नवरा चारदा मेला.
दर खेपेला नवा चेहरा लावून परतला
आणि घराने त्याला लगेच ओळखलं.
एकदाच आपल्या जुन्या चेहऱ्याने आला,
तेव्हा कोणीच ओळखेना.
पाणी पाजून वाटेला लावला.

त्या रात्री कुमुदमावशी हसली.
तिचा नवरा अठ्ठ्याऐंशीत भिलाईला नोकरीवर गेला
तो गेलाच.
ती रोज सकाळी कुंकू लावायची,
रेशनकार्डावर त्याचं नाव ठेवायची, साखर त्याचीही आणायची.
हसता हसता मांडीवरचं मुरमुऱ्याचं ताट सांडलं.
मग कूलरकडे बघत म्हणाली,
‘हव, असंच होते.’

एकतिसावा भाग मला सबंध आठवतो,
म्हणजे आठवतो असं मी सांगते;
सुधन्वा म्हणतो, तू तेव्हा झोपली होती.
नवरा चौथ्यांदा मेलेला. बायका गोळा झालेल्या.
तोवर सून पुस्तकातलं मराठी बोलायची,
तिथे पहिल्यांदा घरचं बोलली:
‘कायले फोडू बांगड्या?
मागच्या खेपेलेच फोडल्या न.
अठरा रुपये डझन पडल्या.’
आणि वळून पायऱ्या चढायला लागली.
वीज कडाडली नाही.
सुधन्वा पत्रा हलवायचा विसरला होता.

दुसऱ्या दिवशी जगनाडे चौकात केबलच्या ऑफिसवर माणसं,
डिश वाकवलेली, शटरवर शाई,
संस्कृती हा शब्द कोणीतरी घाईत चुकीचा लिहिलेला.
त्यातल्या तिघांना मी ओळखत होते.
तिघांच्याही घरी जेवणं दहा चाळीसच्या आत आटपत.
टेंभुर्णेकाकांची बदली देसाईगंजला झाली.
ढोबळेंनी लग्नांच्या शूटिंगच्या ऑर्डरी घेतल्या,
नव्या कॅसेटला पैसे नव्हते,
म्हणून त्याच कॅसेटवर त्या मोसमातली लग्नं उतरली.

म्हणून म्हणतात, महाल ते मानेवाडा
कोणाकोणाच्या मंगलाष्टकांत, सावधान म्हणताना,
अर्धा क्षण एक मिशीवाली सासू मान वळवते.
मी शोधली आहे. चुलतबहिणीच्या लग्नात
एका जागी चित्र थरथरतं खरं.
ते टेंभुर्णेकाका आहेत की जावयाचा मामा,
नक्की सांगता येत नाही.

भिलाईहून निरोप आला तो दोन हजार अकरात.
आडनाव जुळलं, गाव जुळलं,
तारीख दोन महिने जुनी.
आळीतल्या बायका आल्या,
मावशीभोवती बसल्या,
एकीने हळूच तिचा हात हातात घेतला.
मावशीने मान वळवली. डावीकडून.
मग डावीकडून.
‘कायले,’ ती म्हणाली,
‘आता चाळीस रुपये डझन झाल्या.’

बायकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.
मला कोणीतरी पाणी आणायला पाठवलं.
मी स्वयंपाकघरात गेले,
दार लोटलं,
मिक्सर सुरू केला,
आत काहीच नव्हतं.