टिंब, तारा, प्रश्नचिन्ह

म्हापशात, खोर्लीला, वरच्या मजल्यावर
वाकड्या पात्याच्या पंख्याखाली
मी कळंगुटच्या एका हॉटेलाची स्टाइलशीट तोडत बसले होते.
अठराशे ओळी. सात जणांनी लिहिलेल्या,
कुणी कुणाला न विचारता.

"आधी तुकडे," सावियो म्हणाला होता,
"अर्थ कुणीतरी नंतर लावील."

नाव वेगळं. अपूर्णविराम वेगळा.
आकडा त्याच्या एककासकट, जसा मासा शेपटासकट.
आडवी रेघ मात्र घरबुडवी:
आकड्याआधी उणे, नावामध्ये सांधा,
आणि कधी कधी नुसतीच, दारात उभी.

हॅशपुढं चार अक्षरं: सी, ए, एफ, ई.
चारही रंगांच्या बाराखडीतली.
हा तळ्याकाठचा कॅफे
की जांभळाकडं झुकलेला एक निळा?
विचारायचं नाही. हॅश म्हणायचं
आणि पुढं सरकायचं.

खाली बोस्त्यांव राहतो.
चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले त्यानं,
अजून उलटं वाचतो झरझर.
भाड्याची पावती द्यायला वर आला, पडद्याकडं बघत राहिला.
"आनी ही सुवात? ती उडयतली?"
ती नुसती स्पेस आहे, म्हटलं, गाळणार.
काही न बोलता खाली गेला,
परत आला तो मुठीत एक खिळा घेऊन:
बिनतोंडाचा, अक्षर नसलेला, शिशाचा.
माझ्या तळव्यावर ठेवला.
"रितें न्हय तें, बाय. वजन आसा."

खरंच.
'खोली' आणि 'किंमत' यांच्यात जागा ठेवली
तर खोलीतली किंमत.
काढली, तर जी खोली तीच किंमत.
मी नमुन्यांच्या यादीत मोकळ्या जागेला
तिचा स्वतःचा नमुना दिला.

टिप्पणीचा नमुना मात्र मी मजेत लिहिला होता:
तिरकी रेघ, तारा,
मग टिंब-तारा, म्हणजे काहीही, कितीही, ओळी ओलांडूनसुद्धा,
मग तारा, तिरकी रेघ.
गुरुवारी रात्री चालवून पाहिला.
अठराशे ओळींचे तुकडे निघाले नऊ.
मोजले परत. नऊच.
पहिल्या टिप्पणीच्या तोंडापासून
शेवटच्या टिप्पणीच्या शेपटापर्यंत
एकच घास:
खोल्या, तळं, नाश्ता, वर जाणारा जिना,
सगळं हॉटेल टिप्पणीच्या पोटात,
आणि ढेकरसुद्धा नाही.

शुक्रवारच्या बाजारात मिलाग्रीन चोरिसांच्या माळा घेऊन बसते.
अर्धी माळ मागितली, तर तिचा अंगठा दोऱ्यावरून चालत गेला,
ओठ हलवत मोजत,
प्रत्येक गाठीपाशी जरासा थांबून:
इथं पुरे का? नाही? मग पुढं.
सुरी गाठीवर पडली, मांसाला धक्का नाही.
मी पैसे द्यायचे विसरले.
तिनं हाक मारली तेव्हा कळलं
की माझा नमुना आधी टोकापर्यंत धावतो
आणि मग, नाइलाजानं, एकेक पाऊल मागं येतो.

घरी येऊन एकच चिन्ह वाढवलं.
टिंब, तारा, प्रश्नचिन्ह.
हावेच्या मागं एक शंका.
अकरा हजार चारशे सहा तुकडे.

शेवटी सगळे ओळीनं चिकटवले
आणि मूळ फाइलशी ताडून पाहिले.
एका टिंबाचा फरक नाही.
टिप्पण्याही जागच्या जागी.
त्यातली एक, आठशे तिसाव्या ओळीवर:
'हे काढू नये. का ते आठवत नाही. फ्लॉसी.'
नाही काढलं, फ्लॉसी.

फक्त अकराशे बाराव्या ओळीवर
कुणीतरी अवतरणचिन्ह उघडून
जेवायला गेलं होतं.
त्या तुकड्यावर 'बिघडलेला' असा शिक्का मारला, ठेवला तसाच.
बोस्त्यांवचा खिळा अजून की-बोर्डशेजारी आहे.
परत मागत नाही तो.