शेवटचा रकाना

व्होरूच्या शाळेत पाहुण्यांनी फोटो काढले
बूट ठेवायच्या कप्प्यांचे, सूपच्या पातेल्याचे,
सातवीतल्या मुलीने ठोकून सरळ केलेल्या स्टुलाचे.

थोकोझानी म्वाले, मलावीच्या शिक्षण खात्यातली,
वहीत रकाने भरत होती :
घ्यावं. घेऊ नये. पैसे लागतील.
शेवटचा रकाना पानाखाली घसरत चालला.

मुख्याध्यापिका मारिकाने विचारलं,
तुमच्याकडे एका वर्गात किती?
एकशे बारा.
मग आलं नाही कोण, ते कळतं कसं?

शेजारचा सांगतो.
ज्याने त्याने आपल्या डावीकडे बघायचं.
ताप आहे, की घरी धाकटीला सांभाळतोय,
तेही त्यालाच ठाऊक असतं.

मारिका पेन्सिल शोधू लागली.
तिच्या वर्गात सतरा मुलं,
खिडकीजवळची खुर्ची
सोमवारपासून रिकामी.